४३ अंश १० मिनिटं उत्तर

माझ्या पाकिटात एक कागदाचा तुकडा आहे, चौदा वर्षं झाली. नॅव्हटेक्सवर हवामानाचे मेसेज छापून येतात ना, त्या रोलचा फाटलेला तुकडा. छापलेलं सगळं केव्हाच उडून गेलंय, पण मागच्या बाजूला मी पेन्सिलने लिहिलेलं अजून दिसतं. ४३-१० उत्तर, ०९-४४ पश्चिम, ०८३६.

आम्ही दोघं एकाच जहाजावर डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी होतो. एकाच बॅचचे, दोघांचंही पहिलंच जहाज, वय वीस. त्याचं नाव इथे लिहीत नाहीये. काकूंना विचारलं होतं, लिहू का म्हणून, त्या म्हणाल्या नको, त्याचं नाव मला ठाऊक आहे आणि तुला ठाऊक आहे, तेवढं पुरे. काकू म्हणजे त्याची आई.

जहाज भरलेलं बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणारं होतं, जिब्राल्टर पार करून रॉटरडॅमकडे चाललो होतो. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. स्पेनचा वायव्य कोपरा नकाशावर बघितलात तर तो अटलांटिकमध्ये पुढे आलेला खांदा दिसतो, गॅलिसिया म्हणतात त्या भागाला, आणि त्याच्या पश्चिमेच्या किनाऱ्याला तिथली माणसंच कोस्टा दा मोर्ते म्हणतात, मृत्यूचा किनारा. हे नाव तेव्हा मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की वायव्येचा स्वेल आहे, म्हणजे लांबून येणाऱ्या मोठ्या लाटा, जहाज नाक खुपसतंय आणि डेकवर हिरवं पाणी येतंय. हिरवं पाणी म्हणजे नुसते तुषार नाहीत, अख्खी लाट डेकवरून जाते ते.

सकाळी आठनंतर कळलं की पुढच्या बोसन स्टोअरमध्ये, जहाजाच्या नाकाजवळच्या सामानाच्या खोलीत, पाणी शिरतंय, कुठलं तरी व्हेंटचं झाकण ढिलं झालं होतं. चीफ मेट, म्हणजे कॅप्टननंतरचा अधिकारी, म्हणाला बोसनला, खलाशांच्या मुकादमाला, घेऊन मी पुढे जातो, एक कॅडेट द्या. आम्ही दोघं ब्रिजवरच होतो. त्याच्या पायात गमबूट होते, माझ्या पायात चप्पल. बस, एवढ्यावर ठरलं. तो म्हणाला तू थांब, मी जातो. जहाज स्लो केलं होतं, कोर्सही थोडा बदलला होता, पण आज स्वतः चीफ मेट म्हणून मागे वळून बघतो तेव्हा कळतं की ते पुरेसं नव्हतं. लाइफलाइन नीट बांधलेली नव्हती आणि लाइफजॅकेट तिघांपैकी कुणीच घातलं नव्हतं, कारण काम पाच मिनिटांचं होतं. पाच मिनिटांचं काम हे शब्द आता माझ्या जहाजावर कुणी उच्चारले की मी हातातलं काम सोडून डेकवर जातो.

लाट आली ती मी ब्रिजच्या काचेतून बघितली. पाणी ओसरलं तेव्हा चीफ मेट आणि बोसन विंडलासला, नांगर ओढायच्या यंत्राला, धरून होते. तिसरा नव्हता.

त्यानंतर जे जे करायचं असतं ते सगळं झालं, आणि मला ते क्रमाने आठवतं कारण परीक्षेसाठी आम्ही दोघांनी एकमेकांना विचारून विचारून ते पाठ केलं होतं. ज्या बाजूला माणूस पडला त्या बाजूला पूर्ण सुकाणू. ब्रिज विंगवरची, म्हणजे ब्रिजबाहेरच्या सज्जावरची, लाइफबॉय सोडायची, तिच्यासोबत धूर आणि दिवा असतो. जीपीएसवरचं एमओबी, म्हणजे मॅन ओव्हरबोर्डचं बटण दाबायचं. भोंग्याचे तीन लांब आवाज. हेडिंग साठ अंश फिरलं की उलट्या बाजूला पूर्ण सुकाणू, मग जहाज गोल फिरून आपल्याच वाटेवर उलटं येतं, याला विल्यमसन टर्न म्हणतात. थर्ड मेटने बटण दाबलं आणि मला ओरडला पोझिशन लिही, हाताला लागला तो तुकडा मी घेतला आणि लिहिली.

मग कॅप्टनने मला विंगवर पाठवलं. काम एकच, माणसावर नजर ठेव, हाताने दाखवत राहा, नजर हलवू नकोस. नारिंगी बॉयलर सूट मला दोनदा दिसला. एकदा लाटेच्या माथ्यावर, हात वर होता. दुसऱ्यांदा फक्त रंग. मग मध्ये स्वेल आला आणि स्वेल गेल्यावर तिथं काही नव्हतं. माझा हात तसाच होता. मी कुठे दाखवतोय ते मलाच माहीत नव्हतं, पण हात खाली घ्यायची हिंमत होत नव्हती, कारण हात खाली घेतला की आपणच सांगितल्यासारखं होईल की तो दिसत नाहीये. शेवटी बोसनने येऊन माझं मनगट धरून हात खाली केला. त्याच्या स्वतःच्या कपाळातून रक्त येत होतं.

लाइफबॉय सापडली, धूर सोडत होती. रिकामी. पाणी पंधरा अंशांच्या आसपास, अशा पाण्यात एकदम पडलं की पहिल्या मिनिटातच धाप लागते, श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, त्यात तोंडावर लाट आली की पाणी आत जातं. अंगावर जॅकेट असेल तर ते एक मिनिट निघून जातं आणि पुढे झगडता येतं. स्पॅनिश रेस्क्यूचं हेलिकॉप्टर आलं, दुसरी दोन जहाजं वाट वाकडी करून आली, अंधार पडेपर्यंत आम्ही चौकोन मोठे मोठे करत शोधत राहिलो. स्वेल एवढा होता की रेस्क्यू बोट खाली सोडताच आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्यावरून आम्हाला पुढे जायला सांगितलं. त्यांनी पुढेही शोधलं. तो मिळाला नाही.

अपघाताच्याच दिवशी दुपारी केबिनमध्ये अलार्म वाजला. आम्ही एकाच केबिनमध्ये राहायचो. नून साइटसाठी, म्हणजे सूर्य डोक्यावर येताना सेक्स्टंटने त्याची उंची मोजायला, तो रोज अलार्म लावायचा. मी टॉर्चच्या बॅटऱ्या घ्यायला खाली आलो होतो. उशीखाली फोन वाजत होता. तो बंद करायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. टेबलावर त्याची साइटची वही होती, त्या दिवसाच्या पानावर त्याने आदल्या रात्रीच वेळ काढून ठेवली होती, सूर्याची डेक्लिनेशन, म्हणजे विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर, लिहिली होती, आणि उंचीची जागा मोकळी सोडली होती. त्या दिवशी सूर्य दिसलाच नाही.

नंतर त्याच्या सामानाची यादी करायला मला आणि सेकंड मेटला बसवलं. शर्ट चार. बूट एक जोड. एक जोड का, तर दुसरे गमबूट त्याच्या पायात होते. दोघांच्या सह्या. ती यादी कॉपीसकट माझ्या डोक्यात आहे.

तर हे झालं मागचं.

या चौदा वर्षांत मी त्या पाण्यातून कितीदा गेलो ते मोजलेलं नाही. युरोपला जाणारी-येणारी जवळपास सगळी वाहतूक तिथूनच जाते. आता तिथं किनाऱ्यापासून वीसेक मैल बाहेर लेन आखलेल्या आहेत, उत्तरेला जाणाऱ्यांच्या वेगळ्या, दक्षिणेला जाणाऱ्यांच्या वेगळ्या, आणि फिनिस्टेर ट्रॅफिकला, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाहतूक नियंत्रणाला, व्हीएचएफ रेडिओवर रिपोर्ट करावा लागतो. वॉच माझी असो नसो, मी ब्रिजवर जातो. रात्र असेल आणि हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला एक दिवा दिसतो, दर पंधरा सेकंदांनी दोन झोत. काबो व्हिलानचं दीपगृह. एवढंच माझं त्या किनाऱ्याशी नातं होतं, दोन झोत आणि मग काळोख.

काकूंकडे मी अपघातानंतर सहा महिन्यांनी गेलो होतो. तेव्हा जॅकेटचं सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. नंतर वर्षातून दोनदा फोन, दिवाळीला आणि त्याच्या वाढदिवसाला. गेल्या वर्षी त्याच्या वाढदिवसाला प्रत्यक्ष गेलो आणि सांगून टाकलं, काकू, त्याने लाइफजॅकेट घातलं नव्हतं, कुणीच घातलं नव्हतं, आणि जायचं खरं तर माझंही असू शकलं असतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मला वाटलंच होतं. आणि मग थोड्या वेळाने, मी त्याचं काहीच केलं नाही रे, दिवस नाहीत, काही नाहीत, काय धरून करायचं? तू एवढ्यांदा तिथनं जातोस, पण लांबून. एकदा जमिनीवरून बघून ये ना. कसा आहे तो किनारा? माणसं राहतात का तिथं?

मला उत्तर देता आलं नाही. चौदा वर्षं मी त्या किनाऱ्याची खोली, दिवे, करंट सगळं सांगू शकत होतो, पण तिथं माणसं राहतात का ते मला माहीत नव्हतं.

सुट्टीत व्हिसा काढला. खलाशी म्हणून त्या देशांत बंदरात उतरणं वेगळं आणि पाहुणा म्हणून जाणं वेगळं, कागदपत्रं बरीच लागली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त फॉर्ममध्ये प्रवासाचं कारण विचारतात तिथं मी बराच वेळ अडलो आणि शेवटी पर्यटन लिहिलं, ते लिहिताना वाईट वाटलं. विमानाने सांतियागो, तिथून बसने कामारिन्यास. नोव्हेंबरच निवडला मुद्दाम.

कामारिन्यास हे खाडीच्या आत वसलेलं मच्छीमारांचं गाव आहे, बाहेरचा समुद्र गावातून दिसत नाही. आणि हो काकू, माणसं राहतात. बायका लेस विणतात, पिढ्यान्‌पिढ्या, मांडीवर उशी घेऊन त्यावर टाचण्या आणि लाकडाच्या डझनावारी छोट्या कांड्या, हात इतके भराभर चालतात की कांड्या एकमेकींवर आपटून पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. एका दारात मी उभा राहून बघत होतो, आतल्या आजींनी मान वर केली आणि विचारलं, मारिनेरो? खलाशी का? मी मान हलवली. मला कसं ओळखलं माहीत नाही. त्यांनी स्टूल पुढे केलं. मोडक्या स्पॅनिशमध्ये मी सांगायचा प्रयत्न केला की माझा मित्र, इथे, समुद्रात. पुढचा शब्द मला येत नव्हता. त्यांनी कांड्या खाली ठेवल्या, माझ्या हातावर हात ठेवला आणि पुन्हा विणायला घेतलं. मी अर्धा तास तिथं बसलो असेन. त्या गावात हे सांगायला शब्द लागत नाहीत, घराघरातून कुणी ना कुणी समुद्रावर आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत गॅलिसियाचीच व्हिया दे पितांशो ही मासेमारी बोट कॅनडाजवळ बुडाली, २४ माणसं होती, २१ गेली, तीन वाचली. त्यातल्या कितीतरी जणांचे मृतदेह मिळालेच नाहीत.

गावात एका घराच्या भिंतीवर एक बॅरोमीटर लावलेला आहे. त्याच्यासाठीच मी आधी तिथं गेलो. त्याची गोष्ट अशी.

१८९० च्या ८ नोव्हेंबरला ब्रिटिश नौदलाचं एचएमएस सर्पंट हे जहाज प्लिमथहून पश्चिम आफ्रिकेकडे निघालं. जहाज नवंच होतं, १८८७ मध्ये पाण्यात उतरलेलं, १,७७० टनांचं, म्हणजे आजच्या हिशोबाने लहानसंच. त्यावर सुमारे १७५ माणसं, त्यात कितीतरी तरुण पोरं. दोन दिवसांनी, १० नोव्हेंबरच्या रात्री, वादळात ते काबो व्हिलानच्या उत्तरेला पुंता दो बोई नावाच्या टोकावर खडकांवर चढलं. नंतर नौदलाच्या चौकशीत ठपका नेव्हिगेशनवर आला, कोर्स पुरेसा पश्चिमेला धरला नव्हता. ज्यांनी वायव्येचा स्वेल दोन दिवस खाल्लाय त्यांना हे कळेल, जहाज थोडं थोडं किनाऱ्याकडे ढकललं जातं आणि ढगांमुळे सूर्य-तारे दिसत नाहीत तोवर तुम्हाला ते कळतही नाही. तेव्हा जीपीएस नव्हता. होती ती त्या मोकळ्या जागेसारखी मोकळी जागा, वहीतली.

तिघं वाचले. बर्टन, गूल्ड आणि लक्सन. तिघांच्याही अंगावर जॅकेट होतं, बुचाच्या लाकडाचं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

पुढचे कितीतरी दिवस मृतदेह किनाऱ्याला लागत राहिले. जवळच्या शाविन्या गावची माणसं आणि तिथला पाद्री, यांनी ते गोळा केले आणि जिथं सापडले तिथंच जवळ, खडक आणि वाळूच्या मधल्या माळावर पुरले. भाषा वेगळी, धर्माचा पंथ वेगळा, ओळख ना देख. स्वतः गरीब माणसं ती. ब्रिटिश नौदलाने नंतर पाद्रीला एक बंदूक दिली, कामारिन्यासच्या मेयरला सोन्याचं घड्याळ, आणि गावाला हा बॅरोमीटर. ज्यांनी बुडालेल्यांना माती दिली त्यांना हवा कधी बिघडणार ते सांगणारं यंत्र द्यावं, याहून योग्य भेट मला तरी सुचत नाही. ज्याला कुणाला ते सुचलं तो माणूस समुद्रावरचाच असणार. मी काचेतून त्या तबकडीकडे बघत उभा राहिलो, मागून दोन मच्छीमार गेले, दोघांनी जाता जाता तिच्याकडे नजर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला निघालो. मालपिका ते फिनिस्टेर अशी किनाऱ्याने सुमारे २०० किलोमीटरची पायवाट आहे, दीपगृहांची वाट म्हणतात, खडकांवर हिरवे ठिपके आणि बाण रंगवलेले. त्यातला मला फक्त एक तुकडा हवा होता, कामारिन्यास ते दीपगृह आणि दीपगृहापासून पुढे इंग्रजांचं कब्रस्तान.

खाडीचं तोंड ओलांडून वळण घेतलं आणि समुद्र समोर आला. मी आयुष्यभर तो वरून बघितलाय, ब्रिजवरून, पंचवीस-तीस मीटर उंचीवरून, काचेमागून. इथे तो माझ्या पायाच्या पातळीला होता. खडक ग्रॅनिटचे, काही ठिकाणी गोल गुळगुळीत आणि काही ठिकाणी करवतीसारखे, आणि त्यांच्यापुढे पाण्यात अर्धे बुडालेले आणखी खडक, त्यांच्यापुढे आणखी. चार्टवर हे सगळं छोट्या फुल्यांनी दाखवलेलं असतं. चार्टवर ती फुली बघून आपण म्हणतो लांब राहायचं आणि पुढे जातो. तिथं एकेका फुलीवर लाट फुटताना बघत मी किती वेळ उभा होतो, आणि मला सारखं वाटत होतं की इथपर्यंत पोचलेल्या माणसाचं काय होत असेल. म्हणजे किनारा दिसतोय, जमीन दिसतेय, आणि मध्ये हे.

दीपगृह लांबूनच दिसतं, टोकाच्या खडकावर आठ बाजूंचा दगडी मनोरा, आजूबाजूला पवनचक्क्या. आधीचं दीपगृह १८५४ चं होतं, पण ते अशा जागी होतं की शेजारच्या उंच खडकाने त्याचा उजेड एका बाजूला अडायचा. सर्पंटनंतर ओरड झाली आणि १८९६ मध्ये हे नवं सुरू झालं, स्पेनमधलं विजेवर चालणारं पहिलं दीपगृह. म्हणजे मी चौदा वर्षं जो दिवा बघतोय तो त्या पोरांमुळे तिथं आहे. हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं असं नाही, वाचलेलं होतंच, पण पायथ्याशी उभं राहून मान वर केली तेव्हा ते अंगात उतरलं.

तिथून पुढे कच्चा रस्ता. उजवीकडे झुडपं, डावीकडे समुद्र, माणूस नाही. पाऊस येऊन गेला, ऊन पडलं, परत पाऊस आला. पाचेक किलोमीटरनंतर ते दिसलं. खूप छोटं आहे. दगडांची आयताकृती भिंत, आत आणखी एक छोटी भिंत, मध्ये गवत. एकेकाची वेगळी समाधी नाही, नावांचे दगड नाहीत. समोर सरळ पुंता दो बोईचे खडक. म्हणजे जिथं जहाज फुटलं ते ठिकाण त्यांच्या पायाशीच आहे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढं. १८८३ मध्ये याच कोपऱ्यात आयरिस हल नावाचं जहाज बुडालं होतं, १८९३ मध्ये ट्रिनाक्रिया, सगळं याच दोन-तीन मैलांत.

मी काय ठरवून गेलो होतो ते सांगतो. तो कागदाचा तुकडा मी तिथं ठेवणार होतो. भिंतीच्या दगडांमध्ये फट असेल, तिच्यात. काकूंनाही सांगितलं होतं, त्या म्हणाल्या होत्या बरं होईल, कुठेतरी तरी ठेवल्यासारखं होईल. एक प्लास्टिकची पिशवीही नेली होती, कागद भिजू नये म्हणून.

आत गेलो, गवतात बसलो. वारा भिंतीवरून जात होता, आत चक्क शांत होतं. पाकिटातून कागद काढला. आणि मग नाही ठेवला. कारण मला असं वाटलं की ही जागा त्यांची आहे जे किनाऱ्याला आले. कुणीतरी त्यांना खांद्यावर उचललं, कुणीतरी त्यांच्यासाठी खणलं. माझ्या मित्राला कुणी उचललं नाही. त्याचा कागद इथे ठेवणं म्हणजे तो इथे पोचला असं खोटं बोलणं झालं असतं. तो इथे नाहीये. तो कुठे आहे ते मला माहीत आहे, मिनिटांपर्यंत माहीत आहे, आणि ते इथून पश्चिमेला तेवीस-चोवीस मैल आहे.

मग मी उठून त्यांच्यासाठी जे करता आलं ते केलं. भिंतीच्या कोपऱ्यात प्लास्टिक अडकलं होतं, दोरीचे तुकडे, बाटल्या, समुद्राने फेकलेल्या किंवा वाऱ्याने आणलेल्या. त्याच पिशवीत सगळं भरलं. आणि त्या तिघांची नावं मोठ्याने म्हटली, कारण मला तेवढीच येत होती आणि बाकीच्यांना त्यांचेच आवाज ओळखीचे असणार.

परत दीपगृहाकडे आलो तेव्हा साडेपाच झाले होते. फोनवर कंपास उघडला, २७० धरला, म्हणजे बरोबर पश्चिम. तिथं काहीच नव्हतं, क्षितिज. चार्टवर या दिव्याची रेंज २८ मैल दिलेली आहे. हे मला कितीतरी वर्षं माहीत होतं, परीक्षेत लिहिलंय, पॅसेज प्लॅनमध्ये शंभरदा टाकलंय, पण दोन्ही आकडे मी कधी शेजारी ठेवले नव्हते. २८ मैल पोचतो. तो तेविसावर आहे. त्या सकाळी साडेआठला तिथं अजून पुरतं उजाडलेलं नव्हतं, दिवा चालू असणार.

सहाच्या सुमाराला सूर्य गेला. मग दिवा लागला. खालून बघताना झोत फिरताना दिसतो, डोक्यावरून समुद्राकडे जातो, परत येतो. मी काकूंना फोन लावला. तिकडे रात्रीचे पावणेअकरा झाले होते, पण त्या जाग्याच होत्या.

त्यांना सगळं सांगितलं. माणसं राहतात काकू, लेस विणतात, एका आजींनी मला बसायला स्टूल दिलं. कब्रस्तान कसं आहे ते सांगितलं. कागद ठेवला नाही तेही सांगितलं आणि का ते सांगितलं, मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, बरं केलंस. मग मी दिव्याचं सांगितलं, की हा जो उजेड आहे तो त्याच्यापर्यंत जातो, तेवढ्या लांब जातो, रोज रात्री, मी चार्टवर बघितलंय.

त्या म्हणाल्या, आत्ता चालू आहे?

चालू आहे. दोनदा येतो, मग थांबतो, पंधरा सेकंदांनी परत.

मला सांग तू, आला की.

मग मी आत्ता म्हणायचो, परत आत्ता, आणि त्या मोजायला लागायच्या, हळू, फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू यायचा. घड्याळ नव्हतं बघत त्या, मनानेच मोजत होत्या, आधी दहावरच उजेड यायचा, मग अकरावर, मग त्यांना लय सापडली. मी पश्चिमेला तोंड करून उभा होतो. माझा उजवा हात केव्हा वर गेला, क्षितिजाकडे, ते मला कळलं नाही, बराच वेळ तो तसाच होता आणि मग मी तो खाली घेतला.

किती वेळा मोजलं कुणास ठाऊक. शेवटी त्याच थांबल्या.

जेवलास का तू, म्हणाल्या.

अजून नाही.

मग जा आता. गाव लांब आहे ना? अंधारातून नीट चाल. थंडी असेल तिथं.

आहे थोडी.

जॅकेट घातलंयस ना रे?

घातलंय काकू, म्हणालो.